बंद पाकिटातली शिफारस

शिरूर अनंतपाळ
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सिंधु,

कंधारला सुखरूप पोचलीस हे फोनवर कळलं होतं. पण फोन म्हणजे नुसती पोचपावती. नांदेडला बी.एड.ला एका खोलीत राहिलो तेव्हापासून आपलं खरं बोलणं कागदावरच, म्हणून आज बसले.

त्या शनिवारी तू माझ्या नववीच्या तासाला मागच्या बाकावर बसलीस, तर पोरं अजून विचारतात, "मॅडम, त्या इन्स्पेक्टर होत्या का?" मी म्हटलं, "हाव, लई कडक." आता सगळी वेळेवर येतात. तुझी कृपा.

काम असं आहे. हैदराबादच्या एका संस्थेचं परिपत्रक आलंय. माध्यमिकच्या विज्ञान शिक्षकांसाठी मे महिन्यात एकवीस दिवसांचं निवासी प्रशिक्षण. प्रयोगाच्या साहित्यपेट्या कशा करायच्या, कशा वापरायच्या, ते शिकवणार. परत आल्यावर आपण तालुक्या-तालुक्यात जाऊन इतर शिक्षकांना शिकवायचं, आणि शिक्षकांसाठी नवी मार्गदर्शिका निघणार आहे तिच्या लेखनात बसायचं. लातूर, नांदेड, धाराशिव मिळून जागा एक. मी अर्ज भरतेय. हसू नकोस.

अर्जासोबत "परिचित शिक्षकाचे पत्र" लागतं. दुसऱ्या शाळेतला शिक्षक हवा, त्यानं अर्जदाराचा तास स्वतः पाहिलेला हवा, आणि पत्र बंद पाकिटात परस्पर पाठवायचं. माझा तास पाहिलेली दुसऱ्या शाळेतली बाई जगात एकच आहे. लिहिशील ना? गोड लिहू नकोस. जे पाहिलंस ते लिही. तुला खोटं लिहिता येत नाही म्हणूनच तुला सांगतेय.

मकबूलनी सलाम सांगितलाय.

तुझी,
सालेहा

---

कंधार
८ फेब्रुवारी

(पाठवलं नाही. डायरीत ठेवलं.)

सालेहा,

तो अर्ज मी अठ्ठावीस जानेवारीलाच टाकलाय. तुला सांगितलं नाही. मनाशी ठरवलं होतं, मिळालं तर सांगू, नाही मिळालं तर कुणाला कळायचं कारण नाही.

माझं परिचित शिक्षकाचं पत्र शेजारच्या शाळेतल्या बिरादार सरांनी दिलं. त्यांनी माझा तास पाहिलाय म्हणजे काय, तर एकदा प्रयोगशाळेची किल्ली मागायला आले तेव्हा खिडकीपाशी दोन मिनिटं उभे होते. त्यांच्या शाळेच्या फाइलीत शिफारशींचे नमुने असतात. त्यातला एक काढून मधल्या सुटीत लिहून दिलं. पाकीट चिकटवूनच माझ्या हातात ठेवलं. मी काही विचारलं नाही.

तुझं पत्र चारदा वाचलं. एका गोष्टीचा राग आला आणि तो कुठून आला हे शोधायला मला दोन दिवस लागले. तू एकदाही विचारलं नाहीस, "सिंधु, तू भरतेयस का?" तुझ्या मनातसुद्धा आलं नाही.

बी.एड.च्या पाठ-निरीक्षणात माझे दोन गुण तुझ्यापेक्षा जास्त असायचे. टाचण माझं सुबक, फळा माझा स्वच्छ. पण पाठ संपला की मुलं तुझ्याभोवती. मी फळा पुसत उभी असायचे आणि कानानं मोजायचे, अजून किती जण तिच्यापाशी आहेत. एकोणीस वर्षं झाली. मला वाटलं होतं हे गेलं.

त्या शनिवारी मागच्या बाकावर बसले तेव्हा कळलं, गेलं नाही.

सिंधु

---

कंधार
९ फेब्रुवारी

प्रिय सालेहा,

पत्र मिळालं. शिफारस लिहून देते, एक-दोन दिवसांत टाकते. सध्या दहावीच्या सराव परीक्षांची गडबड आहे. मकबूल भाईंना नमस्कार.

सिंधु

---

कंधार
११ फेब्रुवारी २०२५

मा. समन्वयक यांस,

श्रीमती सालेहा यांचा इयत्ता नववीचा विज्ञानाचा तास मी दि. १८ जानेवारी रोजी शिरूर अनंतपाळ येथे पूर्ण वेळ पाहिला. विषय आम्ल व आम्लारी. त्यात जे पाहिले ते नमूद करते.

तासाला फळ्यावर शीर्षकाखेरीज काही लिहिले गेले नाही. विद्यार्थ्यांच्या वह्यांत तासाअखेर टिपणे नव्हती. हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून त्यांवर चुन्याची निवळी व लिंबाचा रस टाकण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांच्या हाती दिला होता. पहिल्या खेपेस चुना जुना असल्याने प्रयोग फसला. शिक्षिकेने तो फसल्याचे वर्गास सांगितले आणि एका विद्यार्थ्यास पानटपरीवरून चुना आणण्यास धाडले. वर्गात आवाज बराच होता. दोन विद्यार्थ्यांच्या गणवेशावर डाग पडले. एका विद्यार्थिनीच्या प्रश्नास शिक्षिकेने "मला माहीत नाही" असे उत्तर दिले व पुढील पंधरा मिनिटे त्याच प्रश्नावर चर्चा झाली. नियोजित घटक अपूर्ण राहिला.

वरील सर्व मजकूर प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणे आहे.

आपली,
सिंधु
सहशिक्षिका, कंधार

---

शिरूर अनंतपाळ
२२ मार्च २०२५

प्रिय, प्रिय सिंधु,

झालं! निवड झाली! तीन जिल्ह्यांत एक, आणि ती मी. आणि खरं सांगू, ती मी नाही, तू आहेस.

लातूरला मुलाखत होती. समोर तिघं. मधल्या बाई समन्वयक, मूळच्या उदगीरच्या. त्यांच्यासमोर शिफारशींचा गठ्ठा. त्या म्हणाल्या, "ही सगळी पत्रं एकाच माणसानं लिहिल्यासारखी हायेत. कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय. एवढं एकच वेगळं हाय." आणि तुझं पत्र काढलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. चुना फसला, गणवेशावर डाग, घटक अपूर्ण. मला वाटलं, संपलं.

मग त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही माहीत न्हाई म्हणालात, असा कोणता प्रश्न होता?"

मी सांगितला. आमच्या तनुजाचा. तू तर ऐकलाच होतास. "मॅडम, चुन्यानं हळद लाल झाली, लिंबानं परत पिवळी झाली. मग ही पहिलीच हळद हाय का दुसरी?" ती पोरगी जूनपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तो तिचा पहिला शब्द होता म्हणून मला घाईनं उत्तर द्यायचं नव्हतं, आणि तसंही नीट उत्तर मला येत नव्हतं. हे सगळं मी सांगत बसले. तिघंही पेन खाली ठेवून ऐकत होते. मग त्यांनी आपसात त्यावर वाद घातला. माझी मुलाखत तिथंच संपली.

घरी येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं. तू सगळं लिहिलंस आणि नेमका प्रश्नच गाळलास. का, तर त्यांनी विचारावा म्हणून! किती हुशार गं तू. मला हे सात जन्मात सुचलं नसतं. मी मकबूलना म्हटलं, "बघा, दोस्ती अशी असते." ते म्हणाले, "ह्या बाईला वकील करायला पाहिजे होतं."

तुझे आभार कसे मानू?

तुझीच,
सालेहा

---

कंधार
२ एप्रिल

प्रिय सालेहा,

मनापासून अभिनंदन. आभाराचं काही नाही. मी पाहिलं तेवढंच लिहिलं.

दहावीचे पेपर तपासायला आलेत, एका गठ्ठ्यात एकशे ऐंशी. त्यामुळे जास्त लिहीत नाही.

सिंधु

---

हैदराबाद
१५ मे २०२५

प्रिय सिंधु,

तुझं पत्र एवढंसं का होतं? पेपर संपले असतील आता. मी रोज वाट पाहतेय.

इथं खूप शिकतेय. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. पहिल्या दिवशी आम्हाला एक पेटी दिली. आत काचेच्या नळ्या नाहीत, काही नाही, सगळं बाजारात मिळणारं. सलाईनची नळी, सायकलची ट्यूब, चहाची गाळणी, इंजेक्शनच्या सुया काढलेल्या सिरिंजा. यातून दाबाचा पाठ उभा करा म्हणाले. सहा राज्यांतले शिक्षक, कुणाची भाषा कुणाला येत नाही, पण सिरिंज दाबली की सगळे "आं" करतात. दुपारी एकमेकांचे तास बघायचे आणि नुसतं "छान" म्हणायला बंदी. काय पाहिलं ते सांगायचं. पहिल्याच दिवशी समन्वयक बाईंनी नमुना म्हणून तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, इंग्रजी करून. "निरीक्षण असं लिहावं." तुझं नाव सहा राज्यांत पोचलं बघ.

आणि एक गंमत. परवा जेवताना बाई सांगत होत्या, शिफारशींत काय काय यायचं. म्हणे तुमच्या नांदेडकडच्या एका बाईंच्या अर्जाला पत्र होतं, त्यात लिहिलंय, "सदर शिक्षिका विद्यार्थिप्रिय, कसरतपटू व निर्व्यसनी असून मैदान आखणीत तरबेज आहेत." विज्ञानाच्या बाई! मी ताटावर पालथी पडायची राहिले. नाव त्यांनी सांगितलं नाही. तुझ्या ओळखीची असेल बघ, नांदेडात विज्ञानाच्या बाया किती? शोधून काढ आणि तिला विचार, कोणती कसरत करते.

मी परत आल्यावर तुला ही पेटी दाखवायला येणार. लिही गं.

तुझी,
सालेहा

---

कंधार
२७ मे २०२५

सालेहा,

ती निर्व्यसनी बाई मीच.

बिरादार सरांना जाऊन विचारलं. म्हटलं, "सर, तुम्ही माझ्या पत्रात निर्व्यसनी लिहिलं होतं का?" ते म्हणाले, "हाव, लिहिलं की. खोटं हाय का?" म्हटलं, "आणि मैदान आखणी?" मग म्हणाले, "ते फाइलीत आमच्या क्रीडाशिक्षकाचं होतं, मॅडम. गडबडीत राहून गेलं आसंल. पर वाईट काय लिवलं न्हाई." खरंच वाईट काही लिहिलं नव्हतं. माझं खरं काहीच लिहिलं नव्हतं, एवढंच. घरी दयानंदना सांगितलं तर ते म्हणाले, "कसरतीचं माहीत न्हाई, पण निर्व्यसनी तर हाईस." आणि हसत बसले. मलाही हसू आलं. मग आलं नाही.

मी अर्ज तुझ्याआधी टाकला होता. तुझं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं, की मी स्वतः उमेदवार आहे, मला तुझी शिफारस लिहिणं शोभत नाही. सांगितलं नाही. लिहायला बसले. तू म्हणालीस खरं लिही, मग मी खरंच लिहिलं. एकेक वाक्य तपासलं, यात खोटं काही आहे का? नव्हतं. मला फार समाधान वाटलं. इतकं समाधान का वाटतंय हे मात्र मी स्वतःला त्या दिवशी विचारलं नाही, आणि मी तर रोज रात्री डायरीत स्वतःची उलटतपासणी घेणारी बाई.

तनुजाचा प्रश्न मी गाळला, मुद्दाम गाळला, हे तुझं बरोबर. पण त्यांनी विचारावा म्हणून नाही. त्यांना कळू नये म्हणून. कच्च्या खर्ड्यात तो होता. पक्कं करताना काढला. "माहीत नाही" तेवढं ठेवलं.

अठरा जानेवारीची डायरी आज उघडली. त्यात लिहिलंय ते उतरवते: "सालेहाच्या वर्गात एका मुलीनं विचारलेला प्रश्न ऐकून माझ्या हातातली हळदीची पट्टी तशीच राहिली. माझ्या वर्गात एकोणीस वर्षांत असा प्रश्न कुणी विचारलेला नाही. माझ्या वर्गात प्रश्न विचारतात ते 'मॅडम, समास सोडायचा का?'" हे जर मी त्या पत्रात लिहिलं असतं, तर मला ते माझ्या अर्जाशेजारी ठेवून वाचावं लागलं असतं.

तू माझे आभार मानलेस, मी घेतले. सहा राज्यांत माझं नाव गेलं, ते परत मागवता येत नाही. तुझा माझ्यावर राग असावा असं मला वाटतं. नसला तर मला त्याचाही हेवा वाटेल.

सिंधु

---

शिरूर अनंतपाळ
२६ जून २०२५

सिंधु,

तुझं पत्र पोचून महिना होत आला. पहिल्या ओळीला मी इतकी हसले की मकबूल दुकानातून आत आले. "काय झालं?" मी पुढचं वाचत होते. मग म्हटलं, "काही नाही, तुम्ही जा."

तू अर्ज लपवलास याचा राग नाही. तू भरतेयस का हे मी विचारलं नाही ही माझीच चूक. का विचारलं नाही यावर मी विचार केला. मला वाटत होतं तुला कशाची गरजच नाही. तुझं टाचण, तुझा निकाल, सगळं जागच्या जागी. असं वाटणं हा मान नव्हता, आळस होता.

मी मूर्खासारखी आभार मानत राहिले आणि तू दोन महिने मला मानू दिलेस, याचा राग आहे. पण तो जाईल.

जाणार नाही असा राग वेगळा आहे. तो प्रश्न माझा नव्हता. तनुजाचा होता. माझं काय वाईट लिहायचं ते लिहायचं होतंस. ते पोर आठ महिन्यांत एकदा बोललं आणि तू मला हाणायला तिचं बोलणं कागदावरून पुसलंस. तू शिक्षिका आहेस, सिंधु.

आता कामाचं. नांदेड जिल्ह्यातली माझी पहिली कार्यशाळा कंधारला लागलीय, शनिवारी १२ जुलैला. प्रत्येक शाळेतून विज्ञानाचा एक शिक्षक यायचाय. तुमच्या शाळेतून कोण येईल ते तुमच्या मुख्याध्यापकांनी ठरवायचं. मी तुला ये म्हणत नाही. येऊ नकोसही म्हणत नाही.

सालेहा

---

कंधार
५ जुलै २०२५

प्रिय सालेहा,

तुझं पत्र मिळालं. आधी जे केलं ते सांगते.

संस्थेला पुरवणी पत्र पाठवलं. त्यात लिहिलं, की अकरा फेब्रुवारीच्या माझ्या पत्रात विद्यार्थिनीचा प्रश्न मी जाणूनबुजून गाळला होता, त्या वेळी मी स्वतः त्याच जागेसाठी अर्जदार होते, आणि ते मी कळवलं नव्हतं. तो प्रश्न शब्दशः, तनुजाच्या नावासकट लिहिला. मार्गदर्शिकेत तो आला तर तिच्या नावानं यावा अशी विनंती केली. निरीक्षणाचा नमुना म्हणून ज्यांनी माझं पत्र वाचून दाखवलं, ते आता काय वाचतील, हे मनात येत होतं. पण टपालात टाकलं.

परवा शिक्षकांच्या बैठकीत आमचे मुख्याध्यापक श्रीमंत सर म्हणाले, "बारा तारखेला कंधारातच ट्रेनिंग हाय, दिवसभराचं. शिल्पा मॅडमला पाठवून राहिलो. सिंधु मॅडम, तुमचं आता काय, तुम्हालाच कोणी शिकवावं असं न्हाई राहिलं." सगळे हसले. मान दिल्यासारखं बोलले, आणि मला पळायला वाटही दिली. शिल्पानं होकाराची मान हलवलीसुद्धा होती. मी म्हटलं, "सर, मी जाते." ते म्हणाले, "अहो, शिकवणारी कोण हाय माहीत हाय का? तुमच्याच बरोबरची, शिरूरची." मी म्हटलं, "माहीत आहे म्हणूनच."

हेवा गेला असं तुला लिहिणार होते. डायरीत तसं लिहूनही पाहिलं, मग खोडलं. गेलेला नाही. तू पेटी उघडशील, चाळीस जण तुझ्याकडे बघतील, मला पोटात दुखेल. ते दुखत असतानाच ऐकेन. नीट ऐकेन, आणि जे पाहीन ते सगळं लिहीन, काही न गाळता, आणि ते तुझ्या हातात देईन. पाकीट चिकटवणार नाही.

एकच मागणं. तिथं मला सिंधु म्हणू नकोस, मैत्रीण म्हणून ओळख करून देऊ नकोस. इतरांना म्हणशील तसं मॅडम म्हण. मी तुला मॅडम म्हणेन.

आत्ता हे लिहिता लिहिता एकदा म्हणून पाहिलं, एकटीच होते. पहिल्यांदा तोंडातून सालेहाच निघालं. दुसऱ्यांदा मॅडम.

सिंधु